ब्रॉडवेची जुनी विनोदी संगीत नाटके ऐकायला सुरुवात कशी करावी

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांनी मला ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या, जुन्या नाटकांतील निवडक गाण्यांची एक कॅसेट ऐकायला दिली होती. मी ती तीन-चार वेळा मनापासून ऐकली, दोन-तीन चाली दिवसभर डोक्यात घोळत राहिल्या, आणि तरीही कॅसेट परत करताना ‘छान आहे’ यापलीकडे मला काही बोलता आले नाही. प्रेमगीते कळत होती. पण जी गाणी विनोदी म्हणून नावाजलेली होती, ती नुसतीच कोणीतरी घाईघाईने म्हटल्यासारखी वाटत होती. चूक गाण्यांची नव्हती, ऐकण्याच्या पद्धतीची होती. आपले नाट्यपद नाटकातून उचलून मैफलीत गायले तरी त्याचे काही बिघडत नाही, उलट गवयाच्या गळ्यात ते वाढतेच. ब्रॉडवेच्या विनोदी गाण्याचे मात्र नेमके उलटे आहे. ते कोण म्हणते आहे, कोणाला म्हणते आहे आणि आधीच्या मिनिटाला रंगमंचावर काय घडले, हे ठाऊक नसेल, तर त्यातला निम्म्याहून अधिक मजकूर ऐकणाऱ्याच्या हाती लागत नाही. प्रेमगीते नाटकाबाहेर पडली, जॅझच्या गायकांनी ती उचलली आणि ती जगभर गेली. विनोदी गाणी घरीच राहिली, आणि माझ्या मते या नाटकांची खरी श्रीमंती त्यांच्यातच आहे. म्हणून हे मार्गदर्शन मुख्यतः त्यांच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेचे आहे.

काळाची चौकट आधी सांगून ठेवतो. न्यूयॉर्कमध्ये ३१ मार्च १९४३ रोजी रिचर्ड रॉजर्स आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे ‘ओक्लाहोमा!’ रंगमंचावर आले आणि त्याचे २,२१२ प्रयोग झाले. त्याआधीच्या बहुतेक विनोदी संगीत नाटकांत कथानक हे गाणी टांगायची दोरी असे, आणि एका नाटकातले गाणे दुसऱ्यात घातले तरी कोणाची फारशी तक्रार नसे. ‘ओक्लाहोमा!’च्या यशानंतर गाण्याने कथानक पुढे नेलेच पाहिजे, ही अपेक्षा विनोदी नाटकांकडूनही केली जाऊ लागली. तेथपासून १६ जानेवारी १९६४ रोजी सुरू झालेल्या ‘हॅलो, डॉली!’पर्यंतची साधारण वीस वर्षे आपल्या कामाची आहेत.

पहिली पायरी : एकच नाटक निवडावे

दहा नाटकांची यादी करून प्रत्येकातले एकेक गाणे ऐकू नये. माझी कॅसेट तेच करत होती. एक नाटक निवडावे आणि त्याच्याबरोबर एक आठवडा काढावा. माझी शिफारस ‘गाइज अँड डॉल्स’ची आहे. २४ नोव्हेंबर १९५० रोजी हे नाटक सुरू झाले आणि त्याचे १,२०० प्रयोग झाले. गीते व संगीत दोन्ही फ्रँक लेसर यांचे. संहितेवर जो स्वर्लिंग आणि एब बरोज यांची नावे आहेत. दिग्दर्शन जॉर्ज एस. कॉफमन यांचे. कथेचा आधार डेमन रनियन यांच्या न्यूयॉर्कमधील जुगारी, दलाल आणि नाचणाऱ्या मुली यांच्याविषयीच्या लघुकथांचा आहे. हे नाटक निवडण्याचे कारण त्याची कीर्ती नव्हे. त्यातले जवळजवळ प्रत्येक गाणे एखाद्या विशिष्ट माणसाच्या तोंडी इतके घट्ट बसलेले आहे की ते दुसऱ्या पात्राला देता येत नाही, आणि ही घट्ट वीण एकदा कानाला कळली की पुढची नाटके आपोआप उलगडू लागतात.

दुसरी पायरी : आधी कथानक, मग सुई

जुन्या एलपींच्या, म्हणजे बराच वेळ वाजणाऱ्या तबकड्यांच्या, वेष्टनावर, मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत कथानक छापलेले असे आणि कोणते गाणे कोठे येते तेही सांगितलेले असे. आता बहुतेक जण ही गाणी फोनवर ऐकतात आणि त्या सोयीत नेमका तो मजकूर गळून पडला आहे. तेव्हा एक कागद घ्यावा, गाण्यांची नावे क्रमाने लिहावीत आणि प्रत्येकासमोर एक ओळ लिहावी : कोण, कोणाला, कशासाठी. हे काम कंटाळवाणे वाटेल, पण ते अर्ध्या तासात संपते आणि पुढे महिनाभर पुरते.

‘गाइज अँड डॉल्स’साठी एवढे पुरे. नेथन डेट्रॉइट हा फाशांच्या जुगाराचा फिरता अड्डा चालवतो. पोलिसांचा ससेमिरा असल्यामुळे त्याला जागा मिळत नाही, आणि जी मिळण्याजोगी आहे तिचा मालक हजार डॉलर आगाऊ मागतो. ते मिळवण्यासाठी तो स्काय मास्टरसन या बड्या जुगाऱ्याशी पैज लावतो, की मी दाखवीन त्या मुलीला तू हवानाला घेऊन जाऊ शकणार नाहीस. तो दाखवतो सारा ब्राउन हिला, आणि ती निघते पाप्यांना सन्मार्गाला लावणाऱ्या एका धर्मसंस्थेची कार्यकर्ती. इकडे नेथनची स्वतःची वाग्दत्त वधू अ‍ॅडलेड ही ‘हॉट बॉक्स’ नावाच्या नाइट क्लबमध्ये नाचते, आणि त्यांचा साखरपुडा होऊन चौदा वर्षे लोटली आहेत. हा चौदाचा आकडा कागदावर ठळक लिहून ठेवावा. त्याची गरज पुढे पडणार आहे.

तिसरी पायरी : योग्य ध्वनिमुद्रण ओळखावे

एकाच नाटकाची पाच-सहा ध्वनिमुद्रणे असतात आणि नवखा माणूस येथेच गोंधळतो. आपल्याला हवा तो ‘ओरिजिनल ब्रॉडवे कास्ट’ असे लिहिलेला अल्बम, म्हणजे पहिल्या प्रयोगातील नटांनी, त्याच वाद्यरचनेवर, नाटक ताजे असतानाच मुद्रित केलेला. ‘ओक्लाहोमा!’चा असा अल्बम डेक्का कंपनीने १९४३ साली काढला तेव्हा तो मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या अनेक तबकड्यांचा संच होता. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-चार मिनिटे मावत, त्यामुळे लांब गाण्यांना कात्री लागणे अटळ होते. कोलंबिया या ध्वनिमुद्रण कंपनीने जून १९४८ मध्ये एलपी बाजारात आणली, एका बाजूस वीसेक मिनिटे मिळू लागली, आणि संबंध नाटकाची गाणी एका तबकडीवर क्रमाने ऐकणे शक्य झाले. या नाटकांचा बहर आणि एलपीचा बहर एकाच वेळी आला, हा निव्वळ योगायोग नाही. १९५६ च्या ‘माय फेअर लेडी’चे तर सगळे भांडवलच कोलंबियाच्या मालक असलेल्या सीबीएस या प्रसारण कंपनीने घातले होते. प्रयोग १५ मार्चला सुरू झाला आणि दहाव्या दिवशी, रविवारी, कोलंबियाच्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत, जो पूर्वी चर्च होता, अल्बम मुद्रित झाला.

या एका नाटकाबाबत एक बारकावा लक्षात ठेवावा. १९५६ चा न्यूयॉर्कचा अल्बम मोनो आहे. पुढे लंडनच्या प्रयोगाच्या वेळी, १९५९ मध्ये, रेक्स हॅरिसन, ज्यूली अँड्र्यूज, स्टॅन्ली हॉलोवे आणि रॉबर्ट कूट या त्याच प्रमुख नटांनी तो स्टिरिओमध्ये पुन्हा मुद्रित केला. आवाज अर्थातच दुसऱ्याचा स्वच्छ आहे. तरीही पहिला ऐकावा; तीन वर्षे तेच बोलून झाल्यावर नटाच्या बोलण्यात जी सराईत ढिलाई येते, ती पहिल्यात नाही.

चित्रपट मात्र शेवटी पाहावा. कारण साधे आहे : हॉलिवूड गाणी गाळते आणि नवी घालते. ‘गाइज अँड डॉल्स’च्या १९५५ च्या चित्रपटात मार्लन ब्रँडो स्काय झाला आणि फ्रँक सिनात्रा नेथन झाला. सिनात्रासारखा गायक असल्यावर त्याला गाणे हवेच, म्हणून नेथनला एक नवे गाणे मिळाले. उलट मूळ नाटकातली काही उत्तम गाणी बाहेर गेली. व्हिव्हियन ब्लेन ही अ‍ॅडलेड आणि स्टबी के हा नाइसली-नाइसली नावाचा जुगारी मात्र रंगमंचावरचेच आहेत, आणि तेवढ्यासाठी तरी चित्रपट पाहण्यासारखा आहे.

चौथी पायरी : चार शब्द शिकून घ्यावेत

परिभाषेचे ओझे नको, पण चार शब्द हवेत. ‘बुक’ म्हणजे पुस्तक नव्हे, तर गाणी सोडून उरलेली संहिता. ‘व्हर्स’ म्हणजे कडवे नव्हे, तर मुख्य गाण्याआधीची, बोलण्याच्या जवळ जाणारी प्रस्तावना. आणि ‘कोरस’ म्हणजे समूहगान नव्हे, तर तिच्यानंतर येणारा, सगळ्यांच्या लक्षात राहणारा मुख्य भाग. आपल्याकडे कोरस म्हटले की चारजण मागे उभे राहून गाणारे डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे इंग्रजी माहिती वाचताना येथे हमखास घोटाळा होतो. हा मुख्य भाग बहुधा बत्तीस मात्राखंडांचा असतो : एक ओळ, तीच चाल पुन्हा, मग वेगळी चाल, आणि परत पहिली. आपल्या मुखडा-अंतऱ्याच्या कानाला हे अवघड जात नाही. ‘रिप्राइज’ म्हणजे आधी झालेले गाणे नव्या प्रसंगी थोडक्यात परत येणे, आणि ते कधीही वगळू नये, कारण विनोदाची परतफेड पुष्कळदा तेथेच होते.

आणखी एक फरक आधीच मान्य करून टाकावा, म्हणजे अपेक्षाभंग होत नाही. येथे वन्समोअरवर गाणे फुलत नाही, तान नाही, आलाप नाही. रंगमंचापुढच्या खड्ड्यात वीस-पंचवीस वादकांचा ताफा वाद्यवृंद-संचालकाच्या हातावर चालतो आणि मात्रा ठरलेल्या असतात. गायकाचे कसब दिसते ते शब्द फेकण्यात.

पाचवी पायरी : एक गाणे शब्दाशब्दाने ऐकावे

आता सगळा अल्बम एकदा सलग ऐकावा, आणि मग ‘अ‍ॅडलेड्ज लॅमेंट’, म्हणजे अ‍ॅडलेडचा विलाप, या एका गाण्यापाशी थांबावे. संपूर्ण ब्रॉडवेवर याहून चांगले विनोदी गाणे मला माहीत नाही, आणि हे विधान मी बऱ्याच वर्षांच्या ऐकण्यानंतर करतो आहे.

प्रसंग असा. अ‍ॅडलेडला सतत सर्दी असते. तिने गावाकडच्या आईला केव्हाच कळवून टाकले आहे की माझे लग्न झाले, आणि पुढच्या पत्रांतून एकेक करत पाच मुलेही जन्माला घातली आहेत. हे सगळे नेथनला सांगून झाल्यावर, भांडण होऊन, ती एकटी उरते. तिच्या हातात डॉक्टरने वाचायला दिलेले एक वैद्यकाचे पुस्तक असते, आणि ती ते उघडून बसते.

गाण्याची रचना येथून कानाने तपासावी. आधी ती पुस्तकातली वाक्ये वाचते. ही वाक्ये लांबलचक, लॅटिन धाटणीच्या शब्दांनी भरलेली, अविवाहित स्त्रीच्या मानसिक अस्वस्थतेचे शरीरावर होणारे परिणाम वर्णन करणारी आहेत, आणि चालही तशीच, अडखळत वाचल्यासारखी आहे. मग ती थांबते आणि त्याचा अर्थ स्वतःच्या भाषेत सांगते : म्हणजे एका साध्या सोन्याच्या अंगठीची वाट बघता बघता माणसाला सर्दी होऊ शकते. येथे चाल एकदम ठेक्यात येते, आणि ‘पर्सन’ हा शब्द ती न्यूयॉर्कच्या गल्लीतल्या उच्चाराने ‘पॉय्सन’ असा म्हणते. पुस्तकाची भाषा आणि तिची भाषा या दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या, एवढीच लेसर यांची युक्ती आहे. मराठीत समजायचे तर प्रमाण भाषेतला वैद्यकीय अहवाल वाचून एखाद्या बाईने ठसक्यात ‘म्हंजे काय, तर...’ असे सुरू करावे, तसे.

प्रत्येक फेरीला पुस्तक पुढे सरकते आणि आजारही वाढत जातो. पडशावर सुरू झालेला मामला इन्फ्लुएन्झापर्यंत जातो. औषधे कितीही दिली तरी जेथे दुखते आहे तेथे ती पोहोचतच नाहीत, असे ती मध्येच म्हणते, आणि तेथे हसता हसता घसा दाटतो. याच गाण्यात एक ओळ आहे, जिच्यासाठी टीप लागते. नायगाराच्या गाडीत बसावे, चर्चच्या घंटा कानांत वाजू लागाव्यात, आणि मग साराटोगालाच उतरावे, तेही चौदाव्यांदा, असा तिचा आशय आहे. नायगारा हे अमेरिकेतील नवविवाहितांचे ठरलेले ठिकाण, आणि साराटोगा हे घोड्यांच्या शर्यतींचे. एवढे कळले की चौदा वर्षांचा साखरपुडा, दरवर्षीचे आश्वासन, मधल्या स्टेशनावर उतरून शर्यतीला जाणारा नेथन आणि डब्यात बसून राहिलेली ती, हे सगळे एका ओळीत दिसते. दुसऱ्या पायरीत लिहून ठेवलेला चौदाचा आकडा येथे कामाला येतो.

नाटकाच्या शेवटी नेथन एकदाचा लग्नाला उभा राहतो, अ‍ॅडलेड भावी संसाराची चित्रे रंगवू लागते, आणि त्याला जोराची शिंक येते. ही शिंक अल्बममध्ये नाही. ती संहितेत आहे, म्हणून ज्यांना शक्य असेल त्यांनी छापील संहिता मिळवून गाण्यांच्या मधले संवाद वाचावेत.

सहावी पायरी : सुरांतला विनोद ओळखावा

शब्द नीट न कळणाऱ्यालाही हसवील असा विनोद चालीत असतो, आणि तो ओळखायला संगीतशास्त्र लागत नाही. ‘गाइज अँड डॉल्स’चे पडदा उघडल्यानंतरचे पहिले गाणे घ्या. तीन जुगारी हातात शर्यतीची पुस्तिका घेऊन आपापल्या घोड्याची शिफारस करतात. पहिला सुरू करतो, थोड्या अंतराने दुसरा तीच चाल उचलतो, मग तिसरा, आणि तिघे एकाच वेळी, एकमेकांचे न ऐकता, एकमेकांत घट्ट बसतील असे गात राहतात. गाण्याच्या नावात ‘फ्यूग’ हा शब्द आहे, जो युरोपातल्या चर्च-संगीताच्या सर्वांत प्रतिष्ठित दालनातला आहे. काटेकोर बोलायचे तर हा फ्यूगही नाही, ‘कॅनन’ आहे, म्हणजे एकच चाल एकामागून एकाने उचलण्याचा प्रकार. रस्त्यावरच्या सटोडियांना असे भरजरी वस्त्र नेसवण्यात पहिला विनोद आहे. दुसरा विनोद लगेच पाठोपाठ येतो : ते थांबतात आणि साराच्या धर्मसंस्थेचे पथक भजन म्हणत प्रवेश करते. जुगारी सुरात आणि शिस्तीत, तर भक्तांचा बँड ढेपाळलेला. नाटकाचा सगळा झगडा संवादाआधीच, दोन गाण्यांत मांडून झालेला असतो. लेसर यांचे वडील पियानोचे शिक्षक होते आणि सावत्र भाऊ आर्थर नामांकित पियानोवादक होता. घरातल्या त्या अभिजात वातावरणाकडे पाठ फिरवून हलकीफुलकी गाणी लिहिणाऱ्या या माणसाने पहिल्याच गाण्यात केलेली ही थट्टा मला नेहमी थोडी घरगुती वाटत आली आहे.

याच पायरीवर दुसरे नाटक जोडून घ्यावे : मेरेडिथ विल्सन यांचे ‘द म्यूझिक मॅन’. १९ डिसेंबर १९५७ रोजी सुरू झाले, १,३७५ प्रयोग झाले. आयोवा राज्यातल्या एका कल्पित गावात, १९१२ साली, हॅरल्ड हिल नावाचा एक ठग येतो आणि मुलांचा बँड उभा करून देतो, असे सांगून वाद्यांचे व गणवेशांचे पैसे गोळा करू लागतो. त्याला स्वतःला मात्र एक सूर वाचता येत नाही. विल्सन आयोवाचेच, आणि तरुणपणी सूझा यांच्या प्रसिद्ध बँडमध्ये बासरी वाजवलेले. पहिले गाणे आगगाडीच्या डब्यात घडते. फिरते विक्रेते धंद्याविषयी बोलत असतात, एकही वाद्य वाजत नसते, आणि बोलण्याचा ठेका गाडीच्या वेगाबरोबर चढत, मग ब्रेक लागल्यासारखा उतरत जातो. पहिल्यांदा ऐकताना डोळे मिटून ऐकावे.

पण खरी मौज पुढे आहे. हॅरल्डचे शहात्तर ट्रॉम्बोनांविषयीचे दणदणीत कूचगीत आणि ग्रंथपाल मॅरियन हिचे रात्री खिडकीशी म्हटलेले हळुवार गीत ही दोन गाणी एकामागोमाग ऐकावीत, आणि मग दुसऱ्याची चाल पहिल्याच्या ठेक्यावर गुणगुणून पाहावी. चाल एकच आहे. एकदा ती पलटणीच्या पावलांवर चालते आणि एकदा वॉल्ट्झच्या तीन मात्रांवर झुलते. फसवणारा आणि फसवणूक ओळखून असलेली, ही दोघे एकमेकांसाठीच आहेत, हे संगीतकाराने पात्रांच्या आधी प्रेक्षकांच्या कानात सांगून ठेवले आहे. दुसऱ्या अंकात ती दोघे एकमेकांच्या ओळी उचलतात तेव्हा ते उघड होते.

सातवी पायरी : न गाणाऱ्या नटांकडे लक्ष द्यावे

आपल्या कानाला गायकनटाची सवय आहे. बालगंधर्वांच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला गाता न येणारा माणूस संगीत नाटकाचा नायक होतो, हे पटायला वेळ लागतो. पण या नाटकांत ते वारंवार घडते. नेथनचे काम करणारा सॅम लेव्हीन उत्तम विनोदी नट होता आणि त्याला सूर धरवत नसे; म्हणून नेथनच्या वाट्याला मोठे म्हणावे असे एकच गाणे आहे, अ‍ॅडलेडशी भांडतानाचे, आणि त्यातही ती भडाभडा बोलते व तो मध्येमध्ये शरणागती पत्करतो. हॅरल्ड हिल झालेला रॉबर्ट प्रेस्टन गायक नव्हता, आणि रेक्स हॅरिसन तर ‘माय फेअर लेडी’त बहुतेक वेळ सुरांच्या कडेकडेने बोलतच जातो. त्याचा प्रोफेसर हिगिन्स हा भाषेचा माणूस; त्याने बोलावे आणि एलायझाने, म्हणजे त्याच्याकडे भाषा शिकणाऱ्या फुलवालीने, गावे, यात नटाची अडचण पात्राचा गुण होऊन बसली.

‘माय फेअर लेडी’ला मराठी वाचक परका नाही. बर्नार्ड शॉच्या ज्या ‘पिग्मॅलियन’वर ते बेतले आहे, त्याचेच पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ केले. मंजुळेचा, मास्तरांना धडा शिकवण्याच्या प्रतिज्ञेचा तो प्रसिद्ध उद्रेक भक्ती बर्वे यांच्या आवाजात ज्यांनी ऐकला असेल, त्यांनी एलायझाचे ‘जस्ट यू वेट’ अवश्य ऐकावे. गरिबाघरच्या मुलीची सूडाची स्वप्ने, त्यातला बालिशपणा आणि त्याखालचा खरा अपमान, हे सारे दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की तेथे वाद्यवृंद आहे आणि येथे बोलीचा ठेकाच वाद्यवृंदाचे काम करतो. १९६४ च्या चित्रपटात ऑड्री हेपबर्नच्या बहुतेक गाण्यांना मार्नी निक्सन हिचा आवाज आहे. यावरून तिकडे बरीच कुजबूज झाली. पार्श्वगायनावर पोसलेल्या आपल्या कानांना त्यात काय वावगे, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण वर सांगितलेले सगळे लक्षात घेतले तर त्यांची हरकत समजते : बोलणारी आणि गाणारी वेगळी झाली की या गाण्यांचा सांधा निखळतो.

पुढे काय ऐकावे

येथवर आलेल्याने हवे ते निवडावे. क्रमाचे बंधन नाही. शब्दांच्या कसरतीची आवड असणाऱ्याने कोल पोर्टर यांच्या १९४८ च्या ‘किस मी, केट’कडे जावे. घटस्फोटित नट-नटी शेक्सपिअरचे ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ करत आहेत आणि पडद्यामागे त्याहून जोरात भांडत आहेत, अशी कल्पना आहे, आणि वसुलीला आलेले दोन गुंड चुकून रंगमंचावर सापडल्यावर शेक्सपिअरच्या नाटकांच्या नावांवर जे चावट गाणे म्हणतात, ते केवळ यमकांसाठी ऐकावे.

ज्यांना गिरण्यांच्या भोंग्याची आठवण आहे, त्यांना ‘द पजामा गेम’ (१९५४) जवळचे वाटेल. पायजम्याच्या कारखान्यातील कामगारांना तासाला साडेसात सेंटची वाढ हवी आहे, आणि तेवढ्यात पाच, दहा, वीस वर्षांनी काय काय घेता येईल, याचा हिशेब ते चक्क गाण्यात मांडतात. त्यातच कारखान्याचा व्यवस्थापक आपले प्रेमगीत डिक्टाफोनवर सांगतो आणि मग तो यंत्रातला आवाज ऐकत स्वतःशीच युगलगीत गातो. रिचर्ड अ‍ॅडलर आणि जेरी रॉस या जोडीचे हे नाटक. रॉस पुढच्याच वर्षी, एकोणतिसाव्या वर्षी वारले.

स्टीफन साँडहाइम यांच्या ‘अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टु द फोरम’ची (१९६२) एक हकीकत सांगायलाच हवी. न्यूयॉर्कला येण्याआधी वॉशिंग्टनमध्ये प्रयोग सुरू असताना प्रेक्षक हसत नव्हते. दिग्दर्शक जेरोम रॉबिन्स यांना बोलावले, तेव्हा त्यांनी दोष पहिल्या गाण्यात काढला : ते गोड प्रेमगीत होते, त्यामुळे लोक हळुवार नाटकाची अपेक्षा धरून बसत आणि पुढच्या धुडगुसाला बिचकत. साँडहाइम यांनी नवे पहिले गाणे लिहिले, ज्यात आज रात्री विनोदच आहे एवढेच सांगितले होते, आणि तेच नाटक चालू लागले. ९६४ प्रयोग झाले. आपल्या सूत्रधाराने नांदीनंतर प्रवेश करून आज काय दाखवणार ते का सांगावे, याचे इतके रोकडे उत्तर मला दुसरीकडे मिळालेले नाही.

एक सावधगिरी. या नाटकांत काळाचे पूर्वग्रह आहेत, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अर्व्हिंग बर्लिन यांच्या ‘अ‍ॅनी गेट युअर गन’मधील (१९४६) मूळ अमेरिकन रहिवाशांची टिंगल करणारे एक गाणे १९९९ च्या पुनरुज्जीवनात काढूनच टाकले गेले, आणि ‘किस मी, केट’चा शेवट आज कोणालाही खटकेल. मी ती गाणी ऐकतो, पण नवख्याला प्रथम ऐकवत नाही.

महाविद्यालयीन किंवा हौशी संस्थेला यातले काही बसवायचे झाले, तर परवानगी आणि मानधन यांची व्यवस्था आधी लावावी. ‘गाइज अँड डॉल्स’चे प्रयोगहक्क म्यूझिक थिएटर इंटरनॅशनल ही संस्था देते, आणि तिच्या संस्थापकांत लेसर स्वतः होते. भाषांतर करायचे असेल, तर त्याचीही वेगळी परवानगी लागते.

शेवटी एक नाटक असे, ज्याचे कथानक कागदावर लिहून घ्यायची मराठी श्रोत्याला गरजच नाही. लेसर यांचे ब्रॉडवेवरचे पहिले नाटक ‘व्हेअर इज चार्ली?’ ११ ऑक्टोबर १९४८ रोजी आले, आणि ते बेतले होते ‘चार्लीज आंट’ या जुन्या इंग्रजी प्रहसनावर, म्हणजे आचार्य अत्र्यांनी ज्यावरून ‘मोरूची मावशी’ केली त्यावरच. मूळ प्रहसनात मित्र मावशी होतो. येथे चार्ली स्वतःच मावशी होतो, त्यामुळे तो आणि त्याची मावशी कधीच एका वेळी हजर राहू शकत नाहीत आणि सगळे त्याला शोधत राहतात. रे बोल्जर हा लवचिक अंगाचा नर्तक-नट त्यात ‘वन्स इन लव्ह विथ एमी’ हे गाणे रोज प्रेक्षकांकडून म्हणवून घेत असे. मात्र त्या वर्षी वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला होता आणि मूळ संचाचा अल्बम निघालाच नाही. तेव्हा १९५८ च्या लंडनच्या प्रयोगाचा, नॉर्मन विज्डम याचा अल्बम शोधावा, आणि विजय चव्हाणांची मावशी डोळ्यांपुढे ठेवून खुशाल ऐकायला बसावे.